वर गेलेला बाण: संप्रेरकांची हाक आणि ग्रंथींची ओ

गेल्या महिन्यात मावशीने मला रक्ततपासणीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. टीएसएच ११.८, ठळक अक्षरांत, शेजारी वर जाणारा बाण. खालच्या ओळीत फ्री टी-४, आणि तिथे खाली जाणारा बाण. फोटोपाठोपाठ फोन आला. "माझा थायरॉइड वाढलाय गं. आणि डॉक्टरांनी जी गोळी दिलीय ना, तिच्या पाकिटावर लिहिलंय की त्यात थायरॉइडचंच हॉर्मोन आहे. आधीच वाढलेल्यात आणखी कशाला घालायचं? मी ठेवून दिली ती कपाटात."

मी म्हणाले, "मावशी, तुझा थायरॉइड वाढलेला नाही, कमी पडतोय."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग बाण वर का आहे?"

या प्रश्नाचं उत्तर तिला कोणीतरी द्यायला हवं होतं. ते न मिळाल्यामुळे, दिवसेंदिवस थकवा, अंगावर सूज आणि बारीकशा गारव्यातही हुडहुडी सहन करणारी बाई स्वतःचं औषध कपाटात ठेवून बसली होती. आपल्याकडे आलेल्या माहितीवरून तिने जो विचार केला, तो चुकीचा नव्हता. माहितीच अर्धी होती. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सावकाश सांगते. तो वर गेलेला बाण नीट कळला, तर थायरॉइडच काय, मधुमेह, स्टेरॉइडची औषधं, पाळी थांबणं, यातलंही बरंच काही आपोआप उलगडतं.

नळी असलेल्या ग्रंथी, नळी नसलेल्या ग्रंथी

ग्रंथी म्हणजे काहीतरी तयार करून बाहेर सोडणाऱ्या पेशींचा गट. घामाच्या, लाळेच्या, अश्रूंच्या ग्रंथींना नळी असते. माल त्या नळीतून ठरलेल्या जागी जातो: घाम कातडीवर, लाळ तोंडात. काही ग्रंथींना अशी नळीच नसते. त्या आपला माल सरळ रक्तात सोडतात. त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात, आणि त्या जे रसायन रक्तात सोडतात ते संप्रेरक, म्हणजेच हॉर्मोन.

पोटात जठराच्या मागे आडवं असलेलं स्वादुपिंड दोन्ही प्रकारची कामं करतं. त्याचा बहुतेक भाग पाचकरस बनवून नळीने लहान आतड्यात सोडतो. पण १८६९ साली लँगरहान्स नावाच्या वैद्यकीच्या एका जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली त्यात वेगळ्याच दिसणाऱ्या पेशींची लहान लहान बेटं दिसली. ती कशासाठी आहेत हे त्याला कळलं नव्हतं. आज माहीत आहे की अशी साधारण १० लाख बेटं असतात, सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात, आणि इन्सुलिन तिथे तयार होतं. इतका लहान भाग बंद पडला तरी माणसाचं जगणं अवघड होतं.

बाकीच्या मुख्य ग्रंथी पटकन सांगते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी, आणि तिच्या लगेच वर, मेंदूचाच भाग असलेला हायपोथॅलॅमस. गळ्यात श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखरासारखी थायरॉइड. तिच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड; त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल. स्त्रियांत अंडाशय, पुरुषांत वृषण. शाळेच्या पुस्तकातली यादी साधारण इथे संपते, पण शरीराची संपत नाही. हृदय, मूत्रपिंडं, आतडी, इतकंच काय, चरबीसुद्धा संप्रेरकं सोडते. चरबीतून येणारं लेप्टिन १९९४ साली सापडलं आणि तोवर नुसतं 'साठवणीचं कोठार' मानलेल्या चरबीकडे बघण्याची नजरच बदलली.

निरोप रक्तातून जातो, हे कसं कळलं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी समजूत होती की शरीरातले सगळे हुकूम तारांतूनच, म्हणजे चेतातंतूंतूनच जातात. अन्न जठरातून आतड्यात उतरलं की स्वादुपिंड रस सोडतं. ही खबर त्याला चेतातंतू देत असणार, असं धरून चालत.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा असा वेगळा केला की त्याकडे येणारे चेतातंतू तोडले, रक्तवाहिन्या मात्र शाबूत ठेवल्या. मग त्या तुकड्यात आम्ल घातलं. तार तुटलेली होती, तरीही स्वादुपिंडातून रस ठिबकू लागला. मग त्यांनी आतड्याचं आतलं अस्तर खरवडलं, आम्लात खललं, गाळलं आणि तो अर्क थेट शिरेत टोचला. पुन्हा रस आला. खबर रक्तातून गेली होती. त्या रसायनाला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा सगळ्या रसायनांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द वापरला. 'चेतवणं, चालना देणं' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो आला आहे. आपला 'संप्रेरक' हा शब्दही तोच अर्थ सांगतो: प्रेरणा देणारं. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण संप्रेरक स्वतः काम करत नाही, काम करायला सांगतं.

रक्त तर सगळीकडे जातं, मग निरोप ऐकतं कोण?

रेल्वे स्थानकावर घोषणा होते, अमुक गाडी तमुक फलाटावर येत आहे. आवाज सगळ्यांच्या कानावर पडतो, पण उठून सामान उचलतात ते त्या गाडीचेच प्रवासी. संप्रेरकांचं तसंच आहे. ते सगळ्या पेशींजवळून वाहत जातं, पण ज्या पेशीकडे ते ओळखणारा खास रेणू आहे, तीच पेशी हलते. या ओळखणाऱ्या रेणूला ग्राही म्हणतात. सोयीसाठी आपण त्याला पेशीचा कान म्हणू.

एकाच संप्रेरकाची हाक वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या अर्थाने घेतात. अॅड्रिनलिन रक्तात उतरलं की हृदय जोरात धडधडतं, श्वासनलिका रुंदावतात, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतड्यांची हालचाल मंदावते. घोषणा एकच आहे, पण कोणी पळत सुटतं आणि कोणी हातातलं काम थांबवतं.

पेशीचे कानही दोन प्रकारचे. इन्सुलिन, अॅड्रिनलिन यांना पेशीच्या आत शिरता येत नाही. त्यांचे कान पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर असतात आणि निरोप दारातूनच आत पोचवला जातो. हे काम सेकंदा-मिनिटांत होतं. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉइडचं संप्रेरक पेशीच्या आत जाऊन थेट जनुकांशी बोलतात: हे प्रथिन बनव, ते थांबव. त्याचा परिणाम दिसायला तास, दिवस, कधी आठवडे लागतात. थायरॉइडची गोळी आज घेतली आणि उद्या ताजंतवानं वाटलं नाही म्हणून निराश होऊ नये, ते यामुळे.

आता मात्रा. रिपोर्टवर 'फ्री टी-४' असं असतं. थायरॉइड जे थायरॉक्सिन बनवते त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून टी-४. रक्तातलं जवळजवळ सगळं थायरॉक्सिन प्रथिनांना चिकटून फिरतं. जे थोडंसं मोकळं असतं तेच पेशीत शिरू शकतं, आणि ते मोकळं म्हणजे 'फ्री'. निरोगी माणसात ते १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण एक नॅनोग्रॅम असतं. गणित करून पाहिलं तर एक ग्रॅम मोकळं थायरॉक्सिन १० कोटी लिटरांत विरघळवल्यासारखं होतं, म्हणजे ऑलिम्पिक मापाचे ४० जलतरण तलाव. एवढ्या कमी मात्रेवर हृदयाचे ठोके, शरीराची ऊब, आतड्यांची गती आणि लहान मुलाच्या मेंदूची वाढ अवलंबून असते. इतकं सूक्ष्म मोजणारं तंत्र रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी विकसित केलं. बर्सन १९७२ मध्ये वारले. यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळालं. आज कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत आपण सहज हात पुढे करतो, त्यामागे त्या दोघांचं काम आहे.

आता तो बाण: हाक आणि तिला ओ

तळमजल्यावरून तुम्ही वरच्या खोलीतल्या कोणाला तरी हाक मारता. लगेच "ओ" आली, तर तुम्ही गप्प बसता. ओ आली नाही, तर आवाज चढवता. तरीही आली नाही, तर ओरडता. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त तुमचा आवाज ऐकू येत असेल, तरी त्याला कळेल की वरून कोणी उत्तर देत नाहीये.

टीएसएच ही हाक आहे. ती थायरॉइड मारत नाही, पिट्यूटरी मारते. टीएसएच या अक्षरांचा अर्थच 'थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक'. थायरॉइड त्या हाकेला ओ देते ती थायरॉक्सिनच्या रूपाने. पिट्यूटरी आणि हायपोथॅलॅमस रक्तातलं थायरॉक्सिन सतत जोखत असतात. पुरेसं असलं की हाक हळू, कमी पडलं की हाक मोठी. मावशीच्या रिपोर्टवर पिट्यूटरी ओरडत होती, ११.८ एवढ्याने. प्रौढांमध्ये हा आकडा साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतो. आणि खालच्या ओळीतली ओ क्षीण झाली होती. दोन बाण उलट दिशांना होते ते यासाठी. गोळीत जे थायरॉक्सिन असतं, ते थायरॉइड देऊ शकत नसलेली ओ बाहेरून देतं. ती पुरेशी झाली की हाक आपोआप खाली येते.

डॉक्टर आधी टीएसएचच का मागवतात, तेही यातून कळेल. थायरॉक्सिन थोडंसंच घटलं तरी पिट्यूटरीचा आवाज कितीतरी पटींनी चढतो. ओ अजून 'नॉर्मल'च्या चौकटीत असताना हाक वाढलेली दिसते.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. हाक अगदी मंद आणि ओ मात्र प्रचंड, म्हणजे थायरॉइड कोणी न बोलावता बडबडतेय. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे ग्रेव्ह्ज आजार. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा असे प्रतिपिंड (अँटिबॉडी) बनवते जे थायरॉइडच्या टीएसएचसाठी असलेल्या कानाला जाऊन चिकटतात. पिट्यूटरीच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून दुसराच कोणी हाका मारत सुटतो. खरी पिट्यूटरी केव्हाच गप्प झालेली असते, पण थायरॉइडला फरक कळत नाही. छातीत धडधड, हातांना कंप, भूक असूनही वजन घटणं हे सगळं त्यातून येतं.

आणि एक दुर्मीळ पण फसवी अवस्था: ओ कमी, आणि हाकही कमी किंवा दिसायला नॉर्मल. तिथे थायरॉइडचा दोष नसतो. हाक मारणाराच आजारी असतो, पिट्यूटरीत गाठ वगैरे असते. नुसतं टीएसएच बघितलं तर हा रुग्ण निसटतो. लक्षणं बोलकी असतील तर दोन्ही आकडे बघायला हवेत, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं.

पिट्यूटरीला पुस्तकांतून 'मास्टर ग्रंथी' म्हणतात, पण तिलाही वरून हायपोथॅलॅमसची हाक येते. ती हाक नेमकी कोणत्या रसायनाची, हे शोधायला गियमँ आणि शॅली या दोन प्रतिस्पर्धी संशोधकांनी लाखो मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या मेंदूंतला हा भाग वर्षानुवर्षं गोळा केला. १९६९ मध्ये दोघांच्या हाती लागला तो तीन अमिनो आम्लांचा चिमुकला रेणू. १९७७चं नोबेल यॅलो यांच्याबरोबर या दोघांनाही मिळालं.

सतत हाक मारली तर?

मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती ही गोष्ट. अंडाशय आणि वृषणांना जागं करणारी साखळीसुद्धा हायपोथॅलॅमसपासूनच सुरू होते. तो जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, पण अखंड धारेने नाही, ठोक्याठोक्याने: साधारण तास-दोन तासांनी एक ठोका. तो ठोका ऐकून पिट्यूटरी आपली संप्रेरकं सोडते. हेच रसायन बाहेरून सतत दिलं तर काय होतं? पहिले काही दिवस पिट्यूटरी जोरात प्रतिसाद देते, आणि मग कान बंद करून घेते. अंडाशय किंवा वृषण शांत होतात. हाक न थांबता चालू राहिली की तिचा गोंगाट होतो आणि गोंगाटाकडे कोणी लक्ष देत नाही. याच गुणाचा उपयोग करून फार लहान वयात सुरू झालेलं वयात येणं थांबवता येतं, आणि टेस्टोस्टेरॉनवर वाढणाऱ्या प्रोस्टेटच्या कर्करोगाला आवर घालता येतो.

पाळी कायमची थांबते तेव्हा उलट चित्र दिसतं. अंडाशयातली बीजं संपत आलेली असतात, ओ मिळत नाही, म्हणून पिट्यूटरीची एफएसएच नावाची हाक कितीतरी वाढते. मावशीच्या रिपोर्टातला बाणच हा, फक्त ग्रंथी वेगळी. पण इथे तो आजार नव्हे.

ऐकणाऱ्यालाच ऐकू येईनासं झालं तर?

रक्तात एकूण साखर असते तरी किती? साधारण पाच लिटर रक्तात पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, तासाला पाच ग्रॅम. म्हणजे हा चमचा तासाभरात रिता व्हायला हवा. होत नाही, कारण यकृत सतत थोडी थोडी भर घालत असतं. आणि एका जेवणातून ५०-६० ग्रॅम साखर सहज रक्तात येते, चमच्यात असलेल्याच्या दहापट. तरी चमचा ओसंडत नाही. भर घालायला सांगणारं ग्लुकॅगॉन आणि उचलून साठवायला सांगणारं इन्सुलिन, दोन्ही त्या लँगरहान्सच्या बेटांतून निघतात आणि हा हिशेब रात्रंदिवस जुळवतात.

स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारी दारं असतात, पण ती एरवी पेशीच्या आत दुमडून ठेवलेली असतात. इन्सुलिनची हाक कानावर पडली की ती पृष्ठभागावर येतात आणि साखर आत जाते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हाक मारणारी बेटंच प्रतिकारयंत्रणेने उद्ध्वस्त केलेली असतात. दुसऱ्या प्रकारात आधी बिघडतात ते कान. हाक येते, पण स्नायू आणि यकृत नीट ऐकत नाहीत. मग बेटं आवाज चढवतात, रक्तातलं इन्सुलिन वाढतं, आणि साखर बरीच वर्षं नॉर्मल दिसत राहते. म्हणून मधुमेह 'अचानक' निघाला असं वाटतं. खरं तर तोवर बेटांनी कित्येक वर्षं ओरडून काढलेली असतात, आणि ज्या दिवशी त्यांचा घसा बसतो त्या दिवसापासून साखर चढू लागते.

चालायला का सांगतात, त्याचं कारणही इथेच आहे. आकुंचन पावणारा स्नायू ती दुमडलेली दारं स्वतःच वर आणतो, इन्सुलिनची वाट न बघता. कान कमजोर असले तरी हा दुसरा रस्ता उघडा असतो.

हाक मारणारंच कोणी नसेल तर काय होतं, ते १९२२पूर्वी पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्या मुलांचे आईवडील बघत होते. टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा हाडांचा सापळा होऊन पडला होता. ११ जानेवारी १९२२ला त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून काढलेला अर्क टोचला. अर्क अशुद्ध होता, फारसा फरक पडला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचला. साखर उतरली. लेनर्ड पुढे १३ वर्षं जगला.

बाहेरून ओ मिळत राहिली तर?

अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. ते 'ताणाचं संप्रेरक' म्हणून बदनाम आहे, पण त्याच्याशिवाय माणूस साध्या तापातही कोसळू शकतो. रक्तदाब आणि साखर टिकवणं, दाह आवरणं ही त्याची कामं. दमा, संधिवात, त्वचेचे काही विकार यांत दिली जाणारी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं म्हणजे त्याचीच भावंडं. ती जीव वाचवतात.

पण काही आठवडे ती पोटात जात राहिली की पिट्यूटरीला वाटतं, ओ तर भरपूर येतेय. ती हाक मारणंच सोडते. हाक येत नाही म्हणून अॅड्रिनल सुस्तावतात, आकसतात. आता रुग्णाला बरं वाटलं आणि त्याने गोळ्या एका दिवसात बंद केल्या, तर बाहेरची ओ गेली आणि आतली ग्रंथी झोपलेली. गळून जाणं, उलट्या, रक्तदाब घसरणं, आणि कधी कधी थेट जिवावर बेतणं. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात ती या ग्रंथींना जागं व्हायला वेळ मिळावा म्हणून. कोणी दीर्घकाळ स्टेरॉइड घेत असेल किंवा नुकतंच सोडलं असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी किंवा मोठ्या आजारपणात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कृपया विसरू नका.

"मग थायरॉइडच्या गोळीचीही सवयच लागते की!"

हे मावशीने लगेच विचारलं. फरक असा की स्टेरॉइड बहुतेक वेळा धडधाकट अॅड्रिनल असलेल्या माणसाला वेगळ्याच आजारासाठी दिलं जातं. थायरॉक्सिन दिलं जातं ते ग्रंथी कमी पडते म्हणून. ग्रंथी कायमची खराब झाली असेल तर गोळीही कायमची लागते. चष्मा डोळ्यांना बिघडवत नाही, नजर आधीच कमजोर असते, तसंच हे. गोळीतला रेणू शरीर बनवतं तोच आहे. त्याची अर्धी मात्रा शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे मात्रा बदलल्यावर पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा तपासायला सांगतात ते त्यासाठी. पंधरा दिवसांत केलेली तपासणी फुकट जाते. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास दूर, नाहीतर ती नीट शोषली जात नाही.

सगळ्यांनाच ती आयुष्यभर लागते असंही नाही. टीएसएच जरासं वाढलेलं आणि टी-४ नॉर्मल असेल, तर बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर ते आपसूक खाली आलेलं असतं. एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नये.

"हॉर्मोन्सचं संतुलन करणारं काही घेतलं तर?"

'संतुलन' म्हणजे नेमकं काय, हे आधी विचारा. कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्री अगदी कमी असतं. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत उसळतं. इस्ट्रोजेन महिनाभर चढत-उतरत असतं. संप्रेरकं एका पातळीवर स्थिर असणं हेच बिघाडाचं लक्षण ठरेल. म्हणून जे कोणी 'सगळी हॉर्मोन्स संतुलित करणारी' पूड किंवा गोळी विकतात, त्यांना विचारावं: कोणतं संप्रेरक, किती होतं, कधी मोजलं, आणि त्याची हाक काय सांगत होती?

निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीही घोळ घालतात. थायरॉइडला आयोडीन लागतं हे खरं. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सत्तर वर्षांचं मिळून एका लहान चमच्यात मावेल इतकं. पण गरजेपेक्षा फार जास्त आयोडीननेही थायरॉइड बिघडते. आणि केस-नखांसाठीच्या गोळ्यांत असलेलं बायोटिन शरीराचं काही न बिघडवता तपासणीचाच निकाल बिघडवू शकतं: काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. धडधाकट माणसाचा रिपोर्ट ग्रेव्ह्ज आजारासारखा दिसू शकतो. अशा गोळ्या घेत असाल तर प्रयोगशाळेत आणि डॉक्टरांना सांगा. तपासणीआधी किमान दोन दिवस त्या थांबवायला सांगतात.

"रिपोर्ट नॉर्मल आहे, पण मला बरं वाटत नाही"

ही तक्रार झटकून टाकू नये. 'नॉर्मल'ची चौकट पुष्कळ निरोगी माणसांवरून काढलेली असते. एकेका माणसाची स्वतःची पातळी तिच्यात खूपच अरुंद पट्ट्यात राहते. पण हेही तितकंच खरं की थकवा, केसगळती, वजन वाढणं यांना थायरॉइडखेरीज अनेक कारणं असतात: रक्तक्षय, ब-१२ ची कमतरता, अपुरी झोप, नैराश्य. आकडे चांगले असताना थायरॉइडच्या गोळीची मात्रा वाढवत नेणं धोक्याचं आहे. हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात. अशा वेळी शोध दुसरीकडे घ्यायचा, आणि बरं वाटेपर्यंत घ्यायचा.

ज्याला बोलता येत नाही, त्याचं काय?

दर दोन ते चार हजार बाळांमागे एक बाळ असं जन्मतं की त्याची थायरॉइड नसते, किंवा असूनही पुरेसं काम करत नाही. जन्मतः ते बहुधा इतर बाळांसारखंच दिसतं, कारण पोटात असताना आईचं थायरॉक्सिन त्याला पुरत आलेलं असतं. नाळ कापली की तो पुरवठा थांबतो. बाळ शांत असतं, खूप झोपतं, कमी रडतं. घरच्यांना वाटतं, किती गुणी बाळ आहे. आणि त्याच आठवड्यांत मेंदूची वाढ मागे पडत असते. उशीर झाला तर ती पूर्ण भरून काढता येत नाही.

म्हणून जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब टिपकागदासारख्या कार्डावर घेतात. पहिल्याच दिवशी घेत नाहीत, कारण जन्मानंतर लगेच प्रत्येक बाळाचं टीएसएच उसळी मारतं आणि ते ओसरू द्यावं लागतं. अनेक ठिकाणी त्या वाळलेल्या थेंबात टीएसएचच शोधतात. बाळाला काही सांगता येत नाही, पण त्याची पिट्यूटरी जिवाच्या आकांताने हाक मारत असते आणि ती कागदावरच्या त्या डागात सापडते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बहुतेक मुलं इतर मुलांसारखीच वाढतात. उपचार म्हणजे मावशीच्या कपाटातली तीच गोळी, बाळाच्या मात्रेत, बारीक करून, चमचाभर आईच्या दुधात कालवून रोज एकदा.